कूलरच्या खिडकीतला मोगरा

माझ्या हातून मेलेलं पहिलं झाड अनंताचं. 2004 सालचा मे महिना होता. नागपूरच्या बजाजनगरातल्या आमच्या भाड्याच्या घराला मागच्या बाजूला चार हात रुंदीची सांदवाडी होती आणि तिथल्या खिडकीला कूलर लावलेला. नर्सरीतून आणला तेव्हा अनंताची पानं तेल चोळल्यासारखी चकाकत होती, टोकाला दोन कळ्याही होत्या. उन्हाळ्यात पाण्याचा थेंब वाया घालवायचा नाही, ही आईची शिकवण. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणी मी रोज संध्याकाळी काढायचे आणि अनंताला घालायचे. पंधरा दिवसांत पानांच्या कडा तांबूस, कुरकुरीत झाल्या. मग पानं पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. नवतपा लागला होता, पारा 45 अंशांच्या वर. मला वाटलं, झाडाला ऊन सोसत नाही. कुंडी सावलीत सरकवली आणि पाणी वाढवलं. कूलरचंच. मृग लागेपर्यंत कुंडीत नुसती काडी उरली होती.

त्या काडीचं उत्तर मला दोन वर्षांनी मिळालं. तोवर शाळेतली जीवशास्त्राची नोकरी सुटली होती आणि ओळखीच्या घरांमध्ये बागा लावून द्यायला मी सुरुवात केली होती. अशाच एका घरचे आजोबा मातीच्या अभ्यासात नोकरी घालवलेले. नागपुरात असे लोक भेटतात, कारण देशभरच्या मातीचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था इथेच, अमरावती रोडवर आहे. मी त्यांना अनंताची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. उठले, मला कूलरपाशी घेऊन गेले, ताटीवर साचलेली पांढरी खपली नखानं काढली आणि म्हणाले, "जीभ लावून पाहा, बेटा." आधी चुन्यासारखं लागलं, मग खारट.

"कूलरमधून उडून काय जातं? पाणी. पाण्यातले क्षार कुठे जातात? टाकीतच राहतात. तुम्ही रोज नवं पाणी भरता, रोज नवे क्षार येतात. महिन्याभरानं टाकीत पाणी नसतं, काढा असतो. तो काढा तुम्ही त्या बिचाऱ्याला पाजला."

आमच्याकडे बोअरचं पाणी होतं, म्हणजे मुळातच जड. त्यात अनंत आंबट मातीचा, म्हणजे आम्लधर्मी जमिनीत सुखानं वाढणारा. आपली काळी माती नेमकी उलट, चुनखडीची. तिच्यात लोह भरपूर असतं, पण चुन्याच्या संगतीत ते मुळांना उचलता येत नाही. हिरव्या शिरांची पिवळी पानं ही लोहाच्या उपासमारीची खूण असते. आता मी अनंत लावते तो काळ्या मातीत लावतच नाही. जुनी पानमाती, शेणखत, कोकोपीट आणि कन्हानची रेती एवढ्यावरच त्याचं भागतं. पानं पिवळसर दिसली की चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून द्यायचं. आणि पाणी? ज्यांच्याकडे एसी आहे त्यांना मी सांगते, एसीच्या नळीखाली बादली ठेवा. ते हवेतल्या ओलाव्याचं पाणी, क्षार जवळजवळ नसलेलं. एकाच घरात कूलरचं पाणी झाडाला मारतं आणि एसीचं पाणी तेच झाड जगवतं. हे आजही लोकांना सांगितलं की त्यांचा चटकन विश्वास बसत नाही.

काळ्या मातीबद्दल मात्र मला कुणी वाईट बोललेलं आवडत नाही. कापूस, तूर, संत्रा तिनंच पोसले. दोष मातीचा नाही, कुंडीचा आहे. शेतात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसून भेगा पाडते, आणि त्या भेगांमधून हवा खाली जाते. कुंडीत तिला हलायला जागा नसते. ती विटेसारखी घट्ट बसते, कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जातं. मालकीणबाई म्हणतात, "रोज पाणी घालून राहिलो जी, तरी झाड सुकते." कुंडी उपडी केली की आतला गोळा कोरडा ठणठणीत निघतो. म्हणून कुंडीसाठी एक घमेलं काळी माती, एक घमेलं रेती आणि दोन घमेली खत-पानमाती, हे माझं माप. मुरूम फक्त तळाला, बोटभर.

आता मोगऱ्याकडे येते, कारण नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांच्यासाठी सुगंध म्हणजे आधी मोगरा. बाकीची झाडं नंतर.

पहिली काही वर्षं माझ्या हातचे मोगरे हिरवेगार असत, आणि फुलं मोजकी. मी खत वाढवलं, पानं आणखी मोठी झाली. माझ्यासोबत काम करणारे दादा काटोलकडचे. तरुणपणी संत्र्याच्या बागेत राबलेले. एका डिसेंबरात मी मोगऱ्याला झारीनं पाणी घालत होते, तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले. "काहून पाणी देऊन राहिल्या ताई त्याले? झोपू द्या. तहान लागू द्या जराशी."

संत्र्याच्या भागात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. झाडाला ताण दिल्याशिवाय बहार येत नाही. आंबिया बहार हवा असेल तर थंडीत पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत त्याहून जास्त. पानं मलूल होतात, काही गळतात, झाडाची वाढ थांबते, फांदीत अन्न साठतं. मग जानेवारीत खत देऊन पाणी सोडलं की काही आठवड्यांत झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. मृग बहाराचा ताण मे महिन्यात, आणि पाणी आभाळातून. फेब्रुवारीत संध्याकाळी काटोलकडे गाडीनं गेलात आणि काचा खाली असल्या, तर संत्र्याच्या फुलांचा वास अंगावर येतो. तो वास म्हणजे दोन महिन्यांच्या तहानेचं फळ, हे मला दादांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था याच शहरात आहे, बसनं जाता-येता तिची पाटी मी कितीदा वाचली असेल. पण संत्र्याचं शास्त्र मोगऱ्याला लावायचं, हे दादांनी शिकवलं.

मोगऱ्याला संत्र्याइतका कडक ताण नको. कुंडीत मुळांना पळायला जागा नसते. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत जायचं, पानं जरा मान टाकतील इतपत, आणि मग चमचा-दोन चमचे देऊन जगवायचं. संक्रांत झाली की छाटणी. वाळक्या, आत घुसलेल्या, काडीसारख्या बारीक फांद्या मुळापासून, आणि उरलेलं झाड निम्म्यावर. राहिलेली पानंही हातानं ओरबाडून काढायची. वरची तीन बोटं माती खरवडून टाकायची, तिच्या जागी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, आणि मग भरपूर पाणी. मोगरा नव्या फुटीच्या टोकाला फुलतो. जुनी फांदी तशीच ठेवली तर ती फक्त जागा अडवते. एकदा फुलं येऊन गेली की त्या फांदीचा शेंडा दोन पानं खाली खुडायचा, म्हणजे पुन्हा फूट, पुन्हा कळ्या. हे पावसापर्यंत चालतं.

सांगायला सोपं, करायला नाही. धरमपेठेतल्या एका आजींकडे त्यांच्या सासूबाईंच्या वेळचा बटमोगरा होता, जमिनीत लावलेला, कमरेच्या वर गेलेला. दादांनी कात्री काढली तशा आजी घरात निघून गेल्या आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. झाड खरोखर उघडं-बोडकं दिसत होतं. मला रात्री झोप लागली नाही. काळ्या जमिनीतलं जुनं झाड, थंडी त्या वर्षी लांबलेली. फेब्रुवारी अर्धा गेला तरी एक डोळाही फुगला नाही. मी दर दोन दिवसांनी काही ना काही निमित्त काढून तिथे जायचे. शिवरात्रीनंतर फूट आली. गुढीपाडव्याला सकाळी सातला आजींचा फोन, "अकरा कळ्या आहेत. मी देवापुढे ठेवल्या नाहीत, झाडावरच राहू दिल्या. चाललं न?" त्यांना मी काय उत्तर दिलं आठवत नाही. पुढच्या वर्षीपासून छाटणीच्या दिवशी त्या खुर्ची टाकून समोर बसतात आणि दादांना सांगतात, ही फांदी राहिली, ती राहिली.

कळ्यांवरून एक सांगायला हवं. मोगऱ्याची कळी दुपारी चार-पाचला तोडायची असते, टपोरी पांढरी झालेली, पण बंद. तोडल्यावरही ती जिवंत असते. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की रात्री आठच्या सुमारास उमलते आणि तेव्हाच तिचा वास तयार होत जातो. सीताबर्डीच्या नेताजी मार्केटमधल्या फुलवाल्या मावशी उमललेली फुलं गजऱ्यात ओवत नाहीत, ते यासाठीच. आधी उमललेल्या फुलाचा वास अर्धा खर्च झालेला असतो.

आणि इथेच माझ्या कामातली मोठी चूक लपलेली होती. सतरा वर्षं मला ती दिसली नाही.

मी लोकांकडे जायचे सकाळी दहा ते दुपारी पाच. बाग आखायचे ती त्या वेळच्या उजेडात, त्या वेळच्या नाकानं. मोगरा कुठे छान दिसेल, रातराणी कोणत्या भिंतीवर शोभेल, पारिजातक फाटकाजवळ हवा की तुळशीजवळ. पण या झाडांचा वास माझ्या समोर नसायचाच. मोगरा रात्रीचा, रातराणी रात्रीची, जुई संध्याकाळची. पारिजातक अंधार पडल्यावर उमलतो आणि पहाटे गळतो. पांढऱ्या रंगाची, रात्री वास सोडणारी ही फुलं पतंगांना बोलावत असतात. अंधारात पांढरा रंग जरा तरी दिसतो, आणि बाकीचा रस्ता वास दाखवतो. मी जी बाग करत होते तिला मी कधी भेटलेच नव्हते.

हे मला 2021 साली कळलं. एप्रिलमधल्या कोरोनाच्या लाटेत नागपूर कसं होतं ते इथल्या कुणाला सांगायला नको. आमच्या घरी तिघे आजारी पडलो. मी घरच्या घरी बरी झाले, पण नाक गेलं. सर्दीसारखं चोंदलेलं नाही. श्वास मोकळा, आणि आत काहीच नाही. गॅलरीतला मोगरा त्या वर्षी अंगाबाहेर फुलला होता. मी ओंजळभर कळ्या तोंडाशी धरल्या आणि फक्त गारवा लागला. मी दारातच खाली बसले.

दीड-दोन महिन्यांनी नाक परत येऊ लागलं, पण वेडंवाकडं. कांद्याची फोडणी जळक्या रबरासारखी. आणि मोगरा? मोगऱ्याला घाण येत होती. मला हे कुणाला सांगायचीही लाज वाटत होती. नंतर वाचलं की मोगऱ्याच्या गंधात इंडोल नावाचं द्रव्य असतं, आणि तेच विष्ठेच्या दुर्गंधातही असतं. कणभर असलं की बाकीच्या गोड गंधांना ते खोली देतं. माझ्या नाकाला बहुधा बाकीचं काही लागत नव्हतं, तेवढंच लागत होतं. डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सांगितला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली मांडलेली ही पद्धत. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, एकेक करून, मन लावून हुंगायचे. निदान बारा आठवडे. मी बाटल्यांऐवजी बागेतून घेतले. देशी गुलाब, लिंबाचं चुरगाळलेलं पान, लवंगेऐवजी तुळस, कारण दोघांतही युजेनॉल आहे. निलगिरीचं तेवढं तेल आणलं. पहिला ओळखू आला तो लिंबाचा पाला. जूनच्या शेवटी.

या काळात काम थांबलं नव्हतं. लोक घरात कोंडलेले, बागेची आस वाढलेली. पण मी नाक नसलेली, आणि घरोघरी जायचीही सोय नाही. म्हणून मी फोनवर विचारू लागले. वास कधी येतो? किती वाजता? तुम्ही तेव्हा कुठे बसलेले असता? पंखा चालू असतो का, कूलर? एक वही केली आणि लिहीत गेले. दीडशेच्या वर नोंदी झाल्या. सतरा वर्षांत मला जे कळलं नाही ते त्या वहीत होतं.

लोक वासाबद्दल बोलत तेव्हा झाडाचं नाव क्वचित घेत, जागेचं घेत. "जेवायला बसलो की येते." "वरच्या पायरीवर येते, खालच्या नाही." "रात्री दोनला उठलो होतो, तेव्हा." प्रतापनगरातल्या एका काकाजींनी सांगितलं की मोगरा आहे पूर्वेच्या भिंतीशी, पण वास येतो पश्चिमेच्या खोलीत. मी दोनदा विचारलं. मग लक्षात आलं. पश्चिमेच्या खोलीला कूलर नव्हता, कूलर होता पूर्वेच्या खिडकीला, मोगऱ्याच्या वर. कूलर बाहेरची हवा ओढतो आणि घरातून पलीकडे लोटतो. आठनंतर मोगरा उमलला की त्याची हवाही ओढली जात होती. ओल्या ताट्यांत थोडा वास अडकत असेल, पण उरलेला सगळ्या घरातून फिरून, शेवटी काकाजींच्या पलंगापर्यंत.

सगळ्या शहरात, प्रत्येक खिडकीला, चार महिने हवा ओढणारं यंत्र लावलेलं असतं, आणि आपण त्याच्याशेजारी फुटकी बादली ठेवतो! तेव्हापासून मी मोगऱ्याच्या कुंड्या कूलरच्या तिन्ही ताट्यांच्या बाजूनं ठेवते. चिकटवून नाही, हात-दीड हात सोडून, नाहीतर ताट्यांतून उडणाऱ्या थेंबांनी पानांवर पांढरे डाग पडतात. आणि कूलर पश्चिमेला असेल तर दुपारी हिरव्या जाळीची सावली, कारण मे महिन्याचा तो पश्चिमेचा गरम वारा कळ्या अर्ध्यावर सुकवतो. मोगऱ्याला ऊन हवं, निदान सहा तास हवं, पण ते सकाळचं द्यावं. कूलरचं पाणी मात्र त्याला एक थेंब नाही. हे मी कुंडीवर रंगानं लिहून येते.

जुन्या लोकांना यात काही नवं वाटणार नाही. दाराला वाळ्याच्या ताट्या लावून त्यांच्यावर पाणी मारायचे, तेव्हा हवा आणि वास एकाच वाटेनं घरात यायचे. वाळा ही दिसायला गवताची झुबकी, पानाला काही वास नाही. सगळा वास मुळांत. मी तो जुन्या उंच ड्रममध्ये लावते, तळाला भोकं पाडून, अर्ध्याहून जास्त रेती घालून, म्हणजे मुळं काढताना तुटत नाहीत. पावसाच्या सुरुवातीला लावलेला वाळा पुढच्या वर्षीच्या थंडीत काढायचा, दीड वर्षाचा झाला की. ड्रम आडवा करून पाण्याच्या धारेनं माती सोडवावी लागते. मुळं धुतली की सगळ्या अंगणाला ओल्या जमिनीचा वास येतो. एक जुडी माठात टाकायला, बाकीची कूलरच्या ताटीत खोचायला. शेंड्याची झुबकी पुन्हा ड्रममध्ये.

वहीतून दुसरंही कळलं, ते तितकं सुखाचं नव्हतं. वास नकोसा असणारी माणसंही घरात असतात आणि ती बोलत नाहीत. मला 2011 सालची एक गोष्ट आठवली. एका घरी मी मुलाच्या खोलीच्या खिडकीखाली रातराणी लावली होती. खिडकी आहे, वास आत येईल, एवढाच विचार. त्या मुलाला दमा होता. मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. रातराणी बहरली की त्याच्या रात्री वाईट जात. त्याच्या आईनं कितीतरी दिवसांनी, मलाच वाईट वाटेल म्हणून अवघडत सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी ती मुळासकट काढून फाटकाबाहेरच्या कोपऱ्यात नेली. रातराणीचा वास दरवळत नाही, तो घमघमतो. दरवळ येतो आणि जातो. घमघमाट ठाण मांडून बसतो. आता कुठल्याही घरी गेले की झाडांच्या आधी माझे प्रश्न असतात. कोण कुठे झोपतं, कुणाला दमा आहे, कुणाचं डोकं दुखतं, लहान मूल आहे का. रातराणीची पांढरी फळं विषारी असतात, त्यामुळे रांगतं मूल असेल तर ती लावतच नाही. सापाची भीती मात्र मी काढून टाकते. साप वासाला भुलून येत नाही. झाडाखाली पालापाचोळा आणि अडगळ साचली, तिथे उंदीर-बेडूक आले, तर त्यांच्यासाठी येतो. बुडखा मोकळा ठेवा, एवढंच.

काही झाडांशी माझं या हवेत जमलं नाही. दवणा थंडीत छान वाढतो, चैत्रात देवाला वाहण्यापुरता असतो, आणि मग उन्हात संपतो. त्याला वाचवायची धडपड मी सोडून दिली, दरवर्षी नवा लावते. मरवा पडवीत तग धरतो. सोनटक्का मे महिन्यात कागदासारखा वाळतो, पण त्याचे कंद जमिनीत जिवंत असतात. सावलीत, नळाच्या सांडपाण्याजवळ लावला तर महालक्ष्म्यांच्या दिवसांत फुलतो. आणि कामिनी. पावसाच्या सरीनंतर काही दिवसांनी एकदम सगळं झाड पांढरं होतं, चार दिवस राहतं आणि एका सकाळी जमिनीवर सडा. लोक तिला कुंपणासाठी लावून सारखी कातरतात आणि मग विचारतात, हिला फुलं का येत नाहीत.

गेली काही वर्षं कूलर कमी होऊ लागलेत. नवी घरं मजल्यावरची, एसीची, काचा लावलेली. बाहेर गॅलरीत काय फुललं आहे ते आतल्या माणसाला कळायला वाटच नाही. मला याचं फार वाईट वाटतं. मागच्या वर्षी मनीषनगरकडे एका नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बोलावलं. नवरा-बायको दोघं नोकरीचे, हौस मोठी. "ताई, घर सुगंधानं भरून टाका." मी विचारलं, तुमच्या खिडक्या उघडतात कधी? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सकाळी घाई, दिवसा घर बंद, रात्री एसी. उघडी अशी खिडकी एकच, स्वयंपाकघरातली. पोळ्या करायला बाई येतात त्या पहाटे साडेपाचला, आणि आल्या की आधी ती खिडकी उघडतात. सातला कामं आटोपून जाताना लावून घेतात.

खिडकी पूर्वेची होती. बाहेर धुण्याची छोटी गॅलरी, वाऱ्याला आडोसा असलेली, दहापर्यंत ऊन. मी तिथे मोठ्या ड्रममध्ये कलमी सोनचाफा लावला. कलमाचं झाड बुटकं राहतं आणि बियांच्या झाडासारखी वर्षानुवर्षं वाट पाहायला लावत नाही. त्याचं फूल भल्या सकाळी उमलतं. उन्हं चढली की वास पातळ होत जातो.

पावसाळ्यात पहिलं फूल आलं. मी ऑगस्टमध्ये खत घालायला म्हणून मुद्दाम सहाच्या आत गेले. दार बाईंनीच उघडलं. तव्यावर पोळी होती, खिडकी उघडी होती. घरातले दोघं झोपलेले. मी गॅलरीत वाकले तशा त्या आतून म्हणाल्या, "आज दोन हायेत जी. एक वरच्या फांदीले हाये, पानाच्या मागं. तुमाले दिसणार नाही, इकडून पाहा."